मांडव चालू लागतो

"तीन हजार वर्षांत या सणाला जागचं कोणी हलवू शकलेलं नाही!" शालोम झिराडकरांनी जाहीर केलं, आणि त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा डावा मागचा पाय ओल्या हिरवळीत चांगला चार बोटं आत गेला.

ते तसेच तिरके बसून राहिले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला सरळ व्हायचं तर दोघांना हाका माराव्या लागतात, आणि हाका मारून बोलावलेल्या माणसांसमोर इतिहास रंगत नाही. त्यामुळे बाबिलोन आणि रोम या दोन्ही साम्राज्यांचा समाचार त्यांनी डावीकडे कलूनच घेतला. साम्राज्यं बुडाली. खुर्ची अजून बुडत होती.

"बाबिलोनवाले आले, गेले. रोमवाले आले, मंदिर पाडलं, गेले. आणि आपला मांडवांचा सण? तो आज इथं उभा आहे. बुओना व्हिस्टात!"

"बार्बेक्यू पिट नंबर टूमध्ये," स्टुलावर चढून दिव्यांची माळ बांधणारी मैत्रेयी म्हणाली.

"पिट कसला? रान म्हण! आपले पूर्वज मिसरातल्या गुलामीतून सुटले आणि चाळीस वर्षं रानात असल्याच मांडवांत राहिले."

"आजोबा, त्याच्या आधी तो शेतकऱ्यांचा सण होता. वर्षअखेरीला खळ्यातलं धान्य आणि द्राक्षं गोळा झाली की साजरा करायचे. मळ्यात राखणीला झोपड्या बांधायचे ना, त्याच या. रानातली गोष्ट मागाहून जोडली, असं आमचे प्रोफेसर म्हणतात."

"तुझे प्रोफेसर होते का तिथं?"

"तुम्ही होतात?"

शालोमनी मुलाकडे पाहिलं. एली शिडीवर होता आणि शिडीवरच्या माणसाला सगळ्यांशी सहमत व्हावं लागतं. "दोन्ही बरोबर असेल पपा," तो म्हणाला आणि वरची एक झावळी उगाचच सारखी केली.

मांडव मात्र देखणा झाला होता. चार खांब विक्रांतने दिलेले. विक्रांत म्हणजे नवव्या मजल्यावरचा, पुण्याचा. त्याच्या घरच्या गणपतीच्या मखराचे बांबू महिनाभर स्टोअररूममध्ये पडून होते. तीन बाजूंना बांबूच्या चटया ताणून बांधलेल्या, चौथी बाजू मोकळी. वर नारळाच्या झावळ्या. सिंगापुरात नारळाला हात लावला तर कोण कुठून धावत येईल सांगता येत नाही, म्हणून झावळ्या रीतसर एका नर्सरीतून आणल्या होत्या. आणि या सगळ्यावर कॉन्डोमधल्या त्या थोरल्या पर्जन्यवृक्षाची गार सावली. जागा सुनेने, गार्गीने, निवडली होती. दोन ऐंशीच्या आसपासची माणसं संध्याकाळच्या उन्हात बसणार, एवढा विचार करूनच.

शालोमना आज एवढं गरजायला कारण होतं. त्यांची थोरली बहीण सिप्पोरा अश्दोदहून आली होती.

गेली कितीतरी वर्षं दर गुरुवारी इस्राएल ते सिंगापूर फोनवर एकच भांडण चाललं होतं. कोकणातल्या आपल्या ज्यू लोकांचा खिरीचा सण जुना की ग्रंथातला मांडवांचा सण जुना? शालोम म्हणायचे, नवगावच्या किनाऱ्यावर आपलं गलबत फुटलं, ग्रंथ बुडाले, पंचांग बुडालं. आपण शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली झालो तरी वर्षाच्या शेवटी नव्या तांदळाची खीर करायला विसरलो नाही. सिप्पोरा म्हणायची, विसरलो म्हणूनच खीर करत बसलो. ज्यांना मांडव आठवत होता ते मांडव बांधत होते. झिराडकरांच्या वडिलांनी तडजोड काढून मांडवाच्या पहिल्याच संध्याकाळी खीर ठेवायला सुरुवात केली, त्याने दोघांचंही समाधान झालं नव्हतं. शेवटी मागच्या महिन्यात सिप्पोरा फोनवर म्हणाली, "येतेच बघायला." आणि खरंच आली.

*

वर अकराव्या मजल्यावर गार्गी पातेल्यासमोर उभी होती आणि एलीची आत्या सिप्पोरा तिच्यासमोर.

तीन दिवस आत्यांनी या घरात उकडलेली अंडी आणि केळी यांच्यापलीकडे काही खाल्लं नव्हतं, आणि तीही कागदी ताटलीतून. रागाने नव्हे. त्यांचे खाण्याचे नियम कडक होते आणि गार्गी नियमाच्या पलीकडच्या बाजूला जन्मली होती, सदाशिव पेठेत. बावीस वर्षांपूर्वी तिच्या आणि एलीच्या लग्नाला आत्या आल्या नव्हत्या. त्यांच्या ऐवजी खजुराचा एक डबा आला होता. डबा मुहूर्ताला हजर होता.

आज आत्यांनी तिच्या हातची वाटीभर खीर खावी, एवढंच गार्गीला हवं होतं. ऑफिसात तिच्या हाताखाली चाळीस माणसं होती आणि त्यांच्यापैकी कोणी तिच्या हातचं खाल्लं काय, न खाल्लं काय, तिला फरक पडत नव्हता. इथे पडत होता. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"पातेलं?" आत्यांनी विचारलं.

"कोरं. काल पासिर रिसला जाऊन समुद्रात बुडवून आणलं, तुम्ही फोनवर सांगितलं होतंत तसं."

"पुरतं बुडालं?"

"पुरतं. शेजारी एक अंकल गळ टाकून बसले होते. त्यांनी वाकून आत पाहिलं. म्हणाले, नथिंग अल्सो?"

आत्या हसल्या नाहीत. "आणि आग? आग आपल्या माणसाने लावायला हवी."

"पपांनी लावली."

"शालोमने? त्याला काडी ओढता येते?"

"इंडक्शन आहे, आत्या. त्यांनी बोट टेकवलं. मी हात मागे बांधून उभी होते."

"आणि ढवळलं?"

"ते मी."

आत्यांनी पातेल्यावर वाकून पाहिलं. नारळाचं दूध दाट झालं होतं, तांदळाचं शीत बोटाने दाबलं तर मोडेल इतकं शिजलं होतं, वेलदोड्याचा वास अकराव्या मजल्यावरून खाली जायच्या बेतात होता.

"गूळ कमी दिसतो," आत्या म्हणाल्या.

गार्गीला आशा वाटली. ज्याला खायचं नाही, तो गुळाची चौकशी कशाला करील?

"खाल ना, आत्या?"

"मांडवात बसून खायची गोष्ट आहे ती. मांडव नीट असला, तर खाईन. नसला, तर माझी केळी आहेतच."

मांडवाची गार्गीला काळजी नव्हती. बांबू बघून घेतले होते, झावळ्या मोजून घेतल्या होत्या, परवानगी लेखी होती. आणि सावली तर अशी, की पाहणाऱ्याने म्हणावं, सुनेने विचार केलाय.

*

सिप्पोरा लिफ्टमधून बाहेर आली ती पर्स छातीशी धरून. एका हाताने गार्गीने तिला धरलं होतं, दुसऱ्या हातात पातेलं. मांडवाच्या तोंडाशी येऊन ती थांबली. शालोम आत तिरके बसले होते.

"सरळ बस," ती म्हणाली.

"मी सरळच आहे, बाय. जमीन वाकडी आहे."

विक्रांत लगबगीने पुढे आला. त्याला दिवसभर एक गोष्ट खात होती. "नमस्कार, आत्या. एक सांगायचं होतं. हे बांबू आमच्या गणपतीच्या मखराचे आहेत. चालतील ना? म्हणजे तुमच्याकडे काही…"

सिप्पोराने बांबूला बोट लावून पाहिलं. "खांब, भिंती, कशाच्याही चालतात. बांधून ठेवलेला हत्तीसुद्धा भिंत म्हणून चालतो. तसं लिहून ठेवलंय जुन्या विद्वानांनी."

"हत्ती?"

"जागचा हलायला नको, एवढीच अट."

विक्रांतचा ऊर भरून आला. "आमचे गणपती दहा दिवस जागचे हलत नाहीत," तो म्हणाला, आणि तेवढ्यावरून दोन्ही धर्मांमध्ये किती साम्य आहे, असं एलीला सांगायला गेला.

सिप्पोराने एकेक चटई पाहिली. ताण पाहिला. उंची पाहिली. झावळ्यांवर नजर टाकून म्हणाली, "झाडापासून तोडलेल्या आहेत. बरोबर." गार्गीचा श्वास मोकळा होत होता. मग सिप्पोराने मान आणखी वर केली. झावळ्यांच्या फटीतून दिसायला हवं होतं ते तिला दिसेना.

"वर काय आहे?"

"झाड आहे, आत्या. रेन ट्री. सावलीसाठी मुद्दाम…"

"आकाश कुठे आहे?"

आकाश होतं, पण ते पलीकडे, तळ्यावरचा पूल ओलांडून.

"मांडव उघड्या आकाशाखाली असतो गो," सिप्पोरा म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "वर छप्पर नको, झाड नको. सावली मांडवाची पडायला हवी. ही झाडाची आहे. हा मांडव नव्हे."

गार्गीने पातेलं टेबलावर ठेवलं. घट्ट धरून ठेवल्यामुळे तिच्या बोटांवर कडा उमटल्या होत्या. एवढी लेखी परवानगी, एवढे बांबू, पासिर रिसचा समुद्र, आणि चुकलं कुठे, तर मायेने निवडलेल्या सावलीत.

*

शालोमना मात्र स्फुरण चढलं. "झाडाखाली नाही चालत? आपल्या रेवदंड्याच्या घरी आंब्याखाली व्हायचा मांडव!"

"म्हणून तर मी अश्दोदला गेले."

"आंब्यासाठी गेलीस? मला वाटलं नोकरीसाठी!"

"पपा, बाय, आपण असं करू," एली शिडीवरून उतरत म्हणाला, "या वर्षी ॲडजस्ट करू."

"ॲडजस्ट!" दोघं भावंडं एकदम त्याच्यावर फिरली. तीन दिवसांतलं त्यांचं ते पहिलं एकमत होतं.

"मुळात मांडव म्हणजे सगळं नाही," शालोम पुन्हा आपल्या बाजूला परतले. "खीर आहे, ऊद आहे, 'शेमा'ची प्रार्थना म्हणू. आपल्या वाडवडिलांनी ग्रंथाशिवाय शेकडो वर्षं काढली ती काय आकाश मोजत? मैत्रेयी, सांग तिला. धान्याचा सण होता की नाही आधी? तुझे प्रोफेसर काय म्हणतात?"

मैत्रेयीने आजोबांकडे पाहिलं. घटकेपूर्वी त्यांनी याच प्रोफेसरांना घरी पाठवलं होतं. "धान्याचाच. तसं बघितलं तर नव्या तांदळाची खीर मुळाच्या सगळ्यात जवळ आहे."

"ऐकलंस? मुळाच्या!"

"पण आजोबा, आणखी एक गोष्ट आहे. बाबिलोनहून लोक परत आले तेव्हा मांडव बांधायचा हेच विसरले होते. ग्रंथ वाचताना सापडलं. मग सगळे डोंगरावर पळाले, फांद्या आणल्या, गच्चीवर, अंगणात, रस्त्यावर मांडव घातले, आणि प्रचंड आनंद झाला, असं लिहिलंय. मग मंदिर होतं तेव्हा पाण्याची मिरवणूक, रात्रभर दिवे. मंदिर पाडल्यावर ते सगळं बंद. मग पामची फांदी आणि महाळुंग घेऊन प्रार्थना घराघरांत सुरू. एव्हरी टाइम चेंज, लाह. हलत नाही म्हणता, हा सण बसलाय कधी एका जागी?"

"म्हणजे मी बरोबर की ती?"

"दोघंही. दॅट्स द प्रॉब्लेम."

सगळे आता गार्गीकडे पाहू लागले. शालोमना खात्री होती. बावीस वर्षं सून त्यांच्या बाजूची होती. त्यांची खीर तिने जिवंत ठेवली होती.

गार्गी झाडाकडे पाहत होती. मग ती म्हणाली, "आत्या बरोबर आहेत."

"गार्गी!"

"पपा, जे बांधायचं ठरलं होतं ते मी बांधलं नाही. हे दिसायला चांगलं आहे, पण ते नाही. ऑफिसात मी हे कोणाकडून घेतलं नसतं." ती आत्यांकडे वळली. "किती वेळ आहे?"

सिप्पोराने पश्चिमेकडे पाहिलं. सिंगापूरचा सूर्य रेंगाळत नाही. "सूर्य टेकला, की सण लागतो, मग दोरीला हात लावायचा नाही कोणी. त्याच्या आत करता आलं, तर आलं."

"पिट नंबर थ्री," गार्गी म्हणाली. "पुलाच्या पलीकडे. फार ऊन येतं म्हणून कोणी घेत नाही. वर काही नाही."

"सोडून पुन्हा बांधायचा?" एली म्हणाला. "दोन तास लागले आपल्याला!"

"सोडायचा कशाला? उचलायचा."

*

अडचण आली ती सिक्युरिटीच्या गोह अंकलच्या रूपात. हातात वॉकीटॉकी, चेहऱ्यावर कायमचं दुःख. "मॅडम, सिक्सनंतर नो कन्स्ट्रक्शन. रूल आहे." हे ते इंग्रजीत म्हणाले, पण त्यांच्या इंग्रजीला भाषांतराची गरज नसे.

"कन्स्ट्रक्शन नाही, अंकल. मूव्हिंग."

गोह अंकलनी मांडवाभोवती एक फेरी मारली. "हॅज फ्लोअर?"

"नाही."

"हॅज डोअर?"

"नाही."

ते विचारात पडले. मैत्रेयीने हे सगळं आत्याआजीला समजावून सांगितलं. सिप्पोराला तो माणूस पहिल्यापासून पसंत पडला होता. तीन दिवसांत तिला भेटलेला नियम पाळणारा पहिलाच. "त्याला सांग," ती म्हणाली, "आमच्यात गाडीवरचा मांडव मान्य आहे. बोटीवरचाही."

मैत्रेयीने सांगितलं. गोह अंकलनी हे ऐकून घेतलं, मान हलवली आणि निकाल दिला, "देन इज फर्निचर, लाह." मग वॉकीटॉकी कमरेला अडकवून ते चौथ्या खांबाशी जाऊन उभे राहिले. कारण फर्निचर हलवताना मदत करायची नाही, असा काही रूल नव्हता.

शालोम आत बसूनच होते. "मी उठणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "उचला काय उचलायचं ते. उठलो तर हरलो."

"बसा, पपा," गार्गी म्हणाली. "एली, तो कोपरा. विक्रांत, तुम्ही मागचा. अंकल, तो. हा माझा. मैत्रेयी, पुढे हो, रस्ता सांग. तीन म्हटल्यावर."

तीन म्हटल्यावर मांडव उठला.

जमिनीपासून हातभर वर आला, करकरला, झावळ्या सळसळल्या, दिव्यांची माळ एका बाजूने लोंबली, आणि तो पुढे निघाला. त्याला जमीन नव्हतीच. त्यामुळे मोकळ्या बाजूने तो शालोमच्या डोक्यावरून निघून गेला, झावळीच्या टोकाने त्यांची टोपी सारखी केली, आणि एका क्षणात झिराडकर घराण्याचे कर्ते पुरुष पर्जन्यवृक्षाखाली, उघड्या हिरवळीवर, तिरक्या खुर्चीत एकटे बसलेले दिसू लागले. सण पुढे चालला होता.

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांना उठवायला धावून येणारी दोन्ही माणसं खांबांना होती. तेव्हा शालोम झिराडकर स्वतः उठले. खुर्ची चिखलातून उपसून काढली, डोक्यावर घेतली, आणि ओरडत मांडवामागे निघाले, "अरे, थांबा! मी आहे ना अजून!"

पुढे सिप्पोरा चालत होती, पर्स छातीशी. तिला कोणी पुढे व्हायला सांगितलं नव्हतं. "उजवीकडे! उजवीकडे घ्या, तळं आहे!" मैत्रेयी ओरडत होती. "लेफ्ट, डॅडी, युअर अदर लेफ्ट!" स्विमिंग पूलमधली पोरं काठाला येऊन लोंबकळली. बॅडमिंटन खेळणारं एक जोडपं रॅकेटी टाकून मधल्या बाजूला येऊन हात लावू लागलं. काय उचलतोय ते त्यांनी विचारलं नाही. सगळे इतक्या घाईत आणि इतके खूश दिसत होते, की विचारणं बरं दिसलं नसतं. तळ्यावरच्या छोट्या पुलावर मांडव क्षणभर अडकला. कठडे जवळजवळ होते, मांडव रुंद होता.

"वर!" गार्गी म्हणाली. "डोक्यावर घ्या. वर!"

हात वर गेले. मांडव कठड्यांच्या वरून, सगळ्यांच्या डोक्यांच्या वरून, तळ्यातल्या लाल माशांना सावली देत पलीकडे गेला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, म्हणजे ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी.

सिप्पोरा पुलाच्या टोकाशी वळून पाहत होती. अश्दोदला दर वर्षी तिच्या इमारतीखाली मांडव यायचा तो एका खोक्यातून, लोखंडी नळ्यांचा, सूचनापत्रकासहित. तो कधी चुकला नव्हता. त्याच्याकडे पाहून कोणी टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. इथे पुण्याची सून घामाने निथळत बांबू डोक्यावर धरून येत होती, साडीच्या निऱ्या एका हाताने खोचत, आणि सूर्याकडे पाहत होती तो मावळेल या भीतीने. या भीतीला आपल्याकडे देवाचं भय म्हणतात, हे सिप्पोराला नीट माहीत होतं.

*

मांडव टेकला. विक्रांत मागे जाऊन शिडी घेऊन आला, मैत्रेयी पातेलं. वर पाहिलं तर आकाश होतं. थोडं तांबूस, थोडं ढगाळ, पण सगळंच्या सगळं.

"झालं!" एली म्हणाला.

"नाही झालं," सिप्पोरा म्हणाली. "त्या झावळ्या झाडाखाली घातलेल्या. एकेक उचलून परत ठेवा. आता ठेवली तरच ती मांडवाची."

शालोम खुर्ची टेकून धापा टाकत होते. "मी ठेवतो. मान माझा आहे."

"तू शिडीवर चढलास, तर सण बाजूला राहील आणि हॉस्पिटल होईल." सिप्पोराने गार्गीकडे पाहिलं. "हिला ठेवू दे."

गार्गी शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबली. "आत्या, चालेल? मी… म्हणजे तुमच्या नियमाने मी…"

"परक्याने घातलं तरी चालतं. सावलीसाठी घातलं असलं, की झालं. तसं लिहिलंय."

"म्हणजे मी परकी."

"मी म्हटलं चालतं. चढ आता, सूर्य बघ कुठे गेलाय."

गार्गी चढली. एकेक झावळी उचलायची, आकाश दिसू द्यायचं, पुन्हा ठेवायची. खालून आत्या सांगत होत्या, "थोडी आडवी. फट राहू दे, चांदणी दिसायला हवी. हां. पुढची." गोह अंकलनी शिडी धरली होती. त्यांनी वर पाहत सिप्पोराला विचारलं, "युअर डॉटर?"

सिप्पोराला तेवढं इंग्रजी येत होतं. ती गार्गीकडे पाहतच म्हणाली, "ब्रदर्स डॉटर-इन-लॉ." मग जरा थांबून म्हणाली, "सेम थिंग."

शेवटची झावळी ठेवून गार्गी खाली उतरली तेव्हा समोरच्या टॉवरच्या काचांवर सूर्याचा शेवटचा तुकडा होता. सिप्पोराने पर्समधून दोन मेणबत्त्या काढल्या, पेटवल्या, डोळ्यांवर हात धरून पुटपुटली. हात खाली घेईपर्यंत काचा विझल्या होत्या.

वेळेत झालं होतं. सगळे एकदम ओरडले. शालोमनी तर बहिणीला मिठीच मारली, आणि आपण तिच्या विरुद्ध बाजूला होतो हे मिठी मारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मग काळ्या मनुकांचं शरबत फिरलं. शालोमनी त्यावर आशीर्वाद म्हटला, आवाज न कापता. मेणबत्तीवरून पेटवून घेतलेल्या निखाऱ्यावर ऊद टाकला. विक्रांत हात जोडून उभा होता. त्याने नकळत डोळे मिटले. बॅडमिंटनचं जोडपं रॅकेटींसकट पाहुणं म्हणून बसलं. "पाहुणा बोलवायचाच असतो या मांडवात," सिप्पोराने मैत्रेयीला सांगितलं, "विचारू नकोस त्यांना कोण म्हणून."

गार्गीने वाट्या भरल्या. पहिली आत्यांसमोर ठेवली. कागदी होती. तरी वाटीच.

आत्यांनी चमचा घेतला. त्याच वेळी वरून, झावळीच्या फटीतून, एक थेंब टप्पकन टेबलावर पडला. मग दुसरा.

गार्गीने डोळे मिटून घेतले. एवढं होऊन आता पाऊस!

"उठायचं का?" एलीने विचारलं. "पावसात मांडवात बसायचं नसतं ना, बाय?"

"लगेच नाही उठायचं," सिप्पोरा म्हणाली. चमचा तिच्या हातात तसाच होता. "पाऊस किती आला म्हणजे उठायची मुभा, तेही सांगितलंय. मांडवातली दाट पेज बिघडायला लागली, की उठावं."

शालोम सावकाश खुर्चीत पुढे आले.

"काय बिघडायला लागली की?"

सिप्पोराच्या लक्षात आलं. तिने ओठ मिटून घेतले.

"दाट पेज! भरडलेल्या धान्याची! शिजवून दाट केलेली! त्याला आम्ही काय म्हणतो, बाय? काय म्हणतो?"

"पेजच म्हणतात."

"गोड असली की?"

"गोड असते असं लिहिलेलं नाही."

"आंबट असते असंही लिहिलेलं नाही! मैत्रेयी! ग्रंथात खीर आहे! यरुशलेमच्या विद्वानांनी मांडवात बसून खीर खाल्ली, आणि पाऊस आल्यावर तिच्याकडे बघून ठरवलं उठायचं की नाही! आमचे ग्रंथ समुद्रात बुडाले, पण त्यातली खीर आम्ही वर काढली!" शालोम उभे राहिले, दुसऱ्यांदा, मदतीशिवाय. "अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत जेवढ्या बायांनी ती ढवळली, त्या सगळ्या आज बरोबर ठरल्या! मंदिर पडलं, सण चालत राहिला! गलबत फुटलं, सण चालत राहिला! आज पुलावरून गेला, माझ्या डोक्यावरून गेला, मी पाहिला!"

टाळ्या पडल्या. रॅकेटी वाजल्या. गोह अंकलनी गेटवरून टॉर्च हलवला. पाऊसही या भाषणापुढे थबकला असावा, दोन थेंबांवरच थांबला. शालोमनी हात पसरले आणि विजेत्याच्या औदार्याने बहिणीकडे वळले.

"बोल, बाय. आता तूच सांग. मूळ काय? मांडव की खीर?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. गार्गीने तर श्वास धरला होता, पण तिचं लक्ष मूळ काय याच्याकडे नव्हतं. ती वाटीकडे पाहत होती. वाटी रिकामी होती. भाषण चालू असताना केव्हातरी रिकामी झाली होती, चाटूनपुसून.

सिप्पोराने ओठ पुसले. भावाकडे तिने पाहिलंही नाही. ती गार्गीच्या बाजूला झुकली आणि हळूच म्हणाली, "गार्गी, पातेल्याला तळाशी खरवड लागली असेल ना गो? ती मला दे. शालोमला नको सांगूस."